गुडघा गेल्यावरचा फुटबॉल

डिसेंबरातल्या एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून घरी येतो न येतो तोच धाकटा भाऊ ओट्यावर येऊन बसला. चहा नको म्हणाला. आमच्या राजोडीत सकाळच्या वेळी घरी आलेला माणूस चहा नको म्हणाला, की समजावे, प्रकरण गंभीर आहे. बराच वेळ समोरच्या केळीकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "दादा, तू त्याला जरा समजाव. तुझे ऐकेल तो."

'तो' म्हणजे माझा पुतण्या. वय सत्तावीस. ओहोटीला आमच्या किनाऱ्यावर जी लांबरुंद ओली वाळू उघडी पडते, तिच्यावर चेंडू लाथाडतच तो मोठा झाला. पुढे मुंबईच्या लीगमध्ये बऱ्यापैकी संघांकडून खेळला, बचावफळीच्या मध्यभागी. दोन-अडीच वर्षांपूर्वी गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, नऊ-दहा महिने गेले, पोरगा हिमतीने परत उभा राहिला, आणि चौथ्या सामन्यात पुन्हा तोच गुडघा. डॉक्टरांनी सांगितले, चाला, पोहा, सायकल चालवा, पण सामन्यांचा फुटबॉल विसरा. आता त्याच्या मामाने शब्द टाकून वसई फाट्याकडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये जागा बघून ठेवली आहे. सहा महिन्यांनी कायम, प्रॉव्हिडंट फंड वगैरे सगळे. आणि चिरंजीव म्हणतात, मला प्रशिक्षक व्हायचे आहे. त्याचे परवाने असतात, ते एकेक करून घ्यायचे आहेत, त्यात तीन-चार वर्षे हातात फारसे काही पडले नाही तरी चालेल.

"स्वतःला खेळता येत नाही, म्हणून दुसऱ्याला शिकवणार!" भाऊ उठता उठता म्हणाला.

हे वाक्य मला लागले. भावाचा दोष नाही, आपल्याकडे सगळेच असे बोलतात. शिक्षकाबद्दल बोलतात, गाण्याच्या मास्तरांबद्दल बोलतात. पण मला ते लागण्याचे कारण वेगळे आहे, आणि ते सांगायचे तर थोडे माझ्याबद्दल सांगणे आले.

मी १९७८ साली एका बँकेत लागलो तो फुटबॉलच्या जोरावर. त्या काळी मुंबईत बँका, गिरण्या, रेल्वे, खताचे कारखाने, विमान कंपनी, सगळ्यांचे संघ असत. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक तेव्हा भरात होता आणि कूपरेजच्या लाकडी बाकांवर ऑफिस सुटलेली माणसे डबे मांडीवर घेऊन बसत. मी पहाटेच्या गाडीने नालासोपाऱ्याहून जायचो, सराव करायचो, आंघोळ करून अर्धा दिवस काउंटरवर बसायचो. दहा-अकरा वर्षे मजेत गेली. बत्तिसाव्या वर्षी पाय जड झाले. एका शनिवारी शेवटचा सामना खेळलो आणि सोमवारी सकाळी दहा वाजता कॅशच्या पिंजऱ्यात जाऊन बसलो. नंतर अठ्ठावीस वर्षे तिथेच.

बँकेला मी नावे ठेवणार नाही. तिच्या पगारावर घर झाले, दोन मुली शिकल्या, आज पेन्शन येते. पण एक गोष्ट मनात राहिली. खेळणे सुटल्यावर मी एकदा साहेबांना म्हणालो होतो, की संध्याकाळी ज्युनियर पोरांचा सराव मी घेतो, पैसे नकोत. साहेब चांगले होते, हसून म्हणाले, "अहो, आता पुरे झाला चेंडू. ऑफिसरची परीक्षा द्या." बगलेवरून येणाऱ्या खेळाडूच्या पायांकडे बघितले तर फसायला होते, त्याच्या कंबरेकडे बघावे, ती खोटे बोलत नाही. हे शिकायला मला सहा वर्षे लागली होती आणि कुणीतरी सांगितले असते तर सहा दिवसांत कळले असते. असले पुष्कळ काही डोक्यात होते. ते घेऊन मी नोटा मोजत बसलो. माझ्याबरोबरचे सगळेच बसले. कुणी रेल्वेच्या खिडकीत, कुणी खत कारखान्याच्या गेटवर. मुंबईच्या ऑफिस संघांनी आम्हाला भाकरी दिली हे खरे, पण तीस-बत्तिसाव्या वर्षी फुटबॉलपटू संपतो आणि कारकून सुरू होतो, अशी एक रेघही त्यांनीच आखून ठेवली. त्या रेघेपलीकडे फुटबॉलमध्ये आणखी एक आयुष्य असू शकते हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

प्रशिक्षक म्हटला की तो परदेशातून यायचा, असा आमचा समज. १९८४ मध्ये सिंगापूरच्या आशियाई चषकाला भारताचा संघ पोहोचला तेव्हा त्याचे प्रशिक्षक युगोस्लाव्हियाचे मिलोवान चिरिच होते. त्या स्पर्धेत आपण इराणशी बरोबरी साधली आणि आमच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पुढे २००९ साली मडगावच्या चर्चिल ब्रदर्सने आय-लीग जिंकली तेव्हाही बाकावर एक सर्बियन गृहस्थच होते, झोरान ज्योर्जेविच. चषक हातात आला आणि ते निघाले. २०१० मध्ये बांगलादेशच्या पोरांना दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक मिळवून दिले, २०१२ मध्ये नव्याने जन्मलेल्या दक्षिण सुदानचा राष्ट्रीय संघ उभा करायला गेले. या सर्बियन मंडळींचे मला पहिल्यापासून कुतूहल आहे. एवढासा देश, आणि जगभर त्यांचे प्रशिक्षक.

त्यांच्यातला सगळ्यांत मोठा भटक्या म्हणजे बोरा मिलुटिनोविच. १९४४ चा जन्म, लहानपणीच आईबाप गेलेले, तिघे भाऊ फुटबॉल खेळणारे. हा बेलग्रेडच्या पार्टिझानकडून खेळला, मग स्वित्झर्लंड, फ्रान्स करत करत मेक्सिकोत पुमास नावाच्या विद्यापीठाच्या संघात पोहोचला. तिथे खेळणे संपले आणि त्याच संघाने त्याला प्रशिक्षक केले. पुढचे सगळ्या जगाला ठाऊक आहे. १९८६ च्या विश्वचषकात यजमान मेक्सिकोला त्याने उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले. १९९० मध्ये कोस्टारिका, १९९४ मध्ये अमेरिका, १९९८ मध्ये नायजेरिया, हे तिन्ही संघ त्याच्या हाताखाली पहिली फेरी ओलांडून गेले. २००२ मध्ये चीनला प्रथमच विश्वचषकात नेले. तिथे मात्र तिन्ही सामने हरले. पाच विश्वचषक, पाच देश. माणूस खेळाडू म्हणून वाईट नव्हता, पण खेळाडू म्हणून त्याचे नाव आज कुणी घेतले नसते. मला यात महत्त्वाचे वाटते ते पुमासचे वागणे. बोरा तिथे परका, भाषाही नंतर शिकलेला. पण हा माणूस खेळ वाचतो हे त्यांच्या लक्षात आले होते आणि त्याचे पाय थांबले त्या दिवशी त्यांनी त्याला घरी पाठवले नाही.

आपल्याकडे हे कुणाच्या बाबतीत घडले, असा विचार करू लागलो की गोव्याची नावे आधी येतात. आर्मांदो कोलासो यांनी धेंपोला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. डेरिक परेरा साळगावकरच्या बचावफळीत खेळले, आणि २००६ मध्ये आपल्या मुंबईच्या महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली ती त्यांच्या मार्गदर्शनाखाली. सावियो मेदेरा साळगावकरचेच. ते तर पुढे भारताचे प्रशिक्षक झाले. गोव्यात क्लबांना मालक होते, गावाला क्लबांचे वेड होते, म्हणून माणूस खेळून झाल्यावरही मैदानाच्या आसपास राहू शकला. मुंबईत असे एकच नाव माझ्या डोळ्यांसमोर येते आणि पुतण्याच्या मोबाइलच्या पडद्यावरही त्याच माणसाचा फोटो आहे: खालिद जमील.

खालिद मुंबईत जन्मलेला नाही. १९७७ साली कुवेतमध्ये, पंजाबी कुटुंबात. आखाती युद्धानंतर कुटुंब भारतात आले आणि पोरगा मुंबईचा झाला. मधल्या फळीत खेळायचा. महिंद्र, एअर इंडिया, पुन्हा महिंद्र, असा सगळा प्रवास मुंबईतच. भारताकडूनही खेळला. कोलकात्याच्या बड्या संघांचे बोलावणे आले तेव्हा त्यांच्या जर्सीवर मद्य कंपन्यांची नावे होती म्हणून त्याने नकार दिला, असे त्याच्याविषयी नेहमी सांगतात. मी त्याला कूपरेजवर दोन-तीनदा पाहिले आहे. चेंडू पायात ठेवून मिरवणारा नव्हता. आला, दिला, मोकळ्या जागी सरकला, पुन्हा मागितला. अशा खेळाडूला टाळ्या कमी पडतात.

मग दुखापती सुरू झाल्या. २००७ साली मुंबई एफसी हा नवा संघ निघाला, त्यात तो गेला. पण शरीराने धड खेळू दिले नाही. तिशी नुकती ओलांडलेला, पाय गेलेला खेळाडू. आमच्या काळी याला सोमवारी सकाळी दहा वाजता पिंजऱ्यात बसवला असता. मुंबई एफसीने त्याला आधी लहान पोरांचा संघ दिला आणि २००९ मध्ये डेव्हिड बूथ या अनुभवी इंग्रज प्रशिक्षकाच्या जागी मुख्य प्रशिक्षक केले. वय बत्तीस. माझ्याएवढेच, म्हणजे मी काउंटरवर बसलो तेव्हाच्या माझ्याएवढे. हा योगायोग मला फार उशिरा लक्षात आला आणि खरे सांगतो, थोडे वाईटही वाटले.

आता जी सात वर्षे येतात त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, कारण त्यांत चषक नाही. २००९ ते २०१६. मुंबई एफसीकडे पैसा बेताचा, प्रेक्षक बेताचे. पहिल्या चारात येण्याची ताकद नाही, आणि खाली गेले तर संघ बंद पडण्याची भीती. या सात हंगामांत खालिदने संघाला एकदाही खालच्या श्रेणीत घसरू दिले नाही. कसे? लोक म्हणायचे, बचाव करून. ते खरेच आहे. दहा माणसे चेंडूच्या मागे, दोन फळ्यांमध्ये अंतर कमी, चेंडू मिळाला की बगलेवरून पुढे, आणि कॉर्नर-फ्री किकचा कसून सराव. बघायला रुक्ष. कूपरेजवर मी स्वतः जांभया दिल्या आहेत. पण हाताशी असलेल्या पोरांना जे झेपेल तेच मागायचे, आणि ते मात्र शंभर टक्के मागायचे, हा हिशेब मला बँकेत पटला असता, मैदानावर तेव्हा पटला नाही. बोराने कोस्टारिकाला याहून वेगळे काय शिकवले होते?

आणि याच सात वर्षांत त्याने परीक्षाही दिल्या. प्रशिक्षक होणे म्हणजे शिट्टी गळ्यात अडकवणे नव्हे, हे माझ्या भावाला सांगायचे राहूनच गेले. डी परवाना, मग आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो, अशी शिडी आहे. प्रत्येक पायरीवर वर्ग, लेखी काम, प्रत्यक्ष सराव घेऊन दाखवणे, मध्ये काही काळ कुठल्यातरी संघाबरोबर काम. पोरांच्या शरीराचे, दुखापतींचे, वयाप्रमाणे सरावाचे शास्त्र शिकावे लागते. गंमत अशी, की स्वतःचा गुडघा गेलेला माणूस हा शेवटचा धडा जरा लवकर शिकतो.

२०१६ मध्ये खालिद आणि मुंबई एफसी यांची वाट वेगळी झाली. तो गेला ऐझॉलला. मिझोरामचा हा संघ आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली घसरलेला; पण गोव्याचे क्लब स्पर्धेतून बाहेर पडल्यामुळे जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत घेतले. म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीत ऐनवेळी बसवलेले पान. खालिदने बरोबर जयेश राणे आणि आशुतोष मेहता ही मुंबईत आपल्या हाताखाली खेळलेली पोरे नेली, मिझोरामची स्थानिक पोरे होतीच, आणि चार परदेशी. मोठे नाव एकही नाही.

पुढची तारीख मी विसरणे शक्य नाही. ३० एप्रिल २०१७, रविवार. त्याच दिवशी मी बँकेतून निवृत्त झालो. घरी माणसे जमली होती, अंगणात मांडव, सोरपोतेल शिजत होते, आणि आत टीव्हीवर शिलाँगमधला सामना. ऐझॉलला विजेता व्हायला एक गुण पुरे होता. कोलकात्याचा मोहन बागान तीन गुणांनी मागे दबा धरून. लाजाँगने आधी गोल केला. मध्यंतरानंतर लालनुनफेलाने बरोबरी केली आणि सामना १-१ असा संपला. अठरा सामन्यांत ऐझॉलचे सदतीस गुण, बागानचे छत्तीस. ईशान्येकडचा संघ देशाचा विजेता होण्याची ती पहिलीच वेळ. माझा पुतण्या तेव्हा कॉलेजात होता. शिट्टी झाली तेव्हा टीव्हीवर सगळे उड्या मारत होते आणि हा मला म्हणाला, "काका, तो बघा, एकटा उभा आहे." मी म्हणालो, "कोण?" म्हणाला, "कोच."

आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिली. सात वर्षे जी टिकली होती ती आठव्या वर्षी खाली गेली आणि पुढे संघच राहिला नाही. खालिद असता तर वाचली असती असे मी छातीठोक सांगणार नाही. पण आपल्या शहराने सात वर्षे ज्याला 'बचावात्मक' म्हणून नाके मुरडली, तो नेमके काय वाचवत होता, हे तो गेल्यावर समजले. निदान मला तरी समजले.

नंतरचा आलेख सरळ वर जाणारा नाही. २०१७-१८ मध्ये ईस्ट बंगाल, चौथा क्रमांक, एका हंगामात निरोप. २०१९ मध्ये मोहन बागान, तेही थोडक्यासाठी. मग नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली दुय्यम म्हणून. २०२१ च्या सुरुवातीला त्या परदेशी प्रशिक्षकाला काढले, सूत्रे तात्पुरती याच्याकडे आली आणि याने साखळीत एकही सामना न हरता संघाला उपांत्य फेरीत नेले. तेव्हा कुठे इंडियन सुपर लीगच्या क्लबांना साक्षात्कार झाला, की भारतीय माणसालाही कायमचा मुख्य प्रशिक्षक करता येते. लीग सुरू झाली होती २०१४ मध्ये! पुढे जमशेदपूर; २०२४-२५ मध्ये लीगची उपांत्य फेरी आणि सुपर कपची अंतिम फेरी. आणि १ ऑगस्ट २०२५ रोजी भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद. मेदेरांनंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या बाकावर बसला. मधल्या काळात डच, इंग्रज, क्रोएशियन, स्पॅनिश असे सगळे येऊन गेले. या वेळीही अंतिम तीन नावांत दोन परदेशी होते.

इथे लेख संपवला तर छान गोष्ट होईल, पण ती अर्धी होईल. राष्ट्रीय संघ हातात आल्यावर महिनाभरात ताजिकिस्तानातल्या स्पर्धेत त्याने यजमानांना हरवले, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. सगळीकडे जयजयकार. ऑक्टोबरात सिंगापूरशी बाहेर बरोबरी झाली आणि गोव्यात फातोर्ड्याला आपल्याच प्रेक्षकांसमोर १-२ अशी हार. आशियाई चषकाचे दार बंद. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशनेही हरवले. ज्यांनी ऑगस्टमध्ये हार घातले त्यांनीच विचारायला सुरुवात केली, की क्लबचा माणूस देशाला झेपतो का. मला स्वतःला वाटते, दोन-तीन महिन्यांत कुठल्याही माणसाने हे गाडे रुळावर आणले नसते. आणि हेही वाटते, की सिंगापूरविरुद्ध एक गोल झाल्यावर आपण फार लवकर मागे सरलो. दोन्ही खरे असू शकते.

भावाची भीतीही मी उडवून लावणार नाही. हा धंदा बेभरवशाचा आहे. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाली, तीही लीग जिंकून चारच वर्षे झाली असताना. २०२५ च्या जुलैमध्ये तर इंडियन सुपर लीगचा हंगामच कराराच्या वादात लटकला आणि क्लबांनी हात आखडते घेतले. देशाच्या सर्वोच्च लीगची ही गत, तर राजोडीच्या पोराला पगार कोण देणार? प्रॉव्हिडंट फंड कोण कापणार? भावाची बायको परवा आमच्या घरी आली होती. ती म्हणाली, "दादा, तुम्हाला पेन्शन आहे म्हणून तुम्हाला त्याचे कौतुक." तिचे बोलणे खोटे नाही. माझ्या कॅशच्या पिंजऱ्यानेच मला आज हा लेख लिहायची सवड दिली आहे.

तरीही भावाने सांगितल्याप्रमाणे मी पुतण्याला समजवायला गेलो, ते घरी नाही, किनाऱ्यावर. शनिवार होता. एका बाजूला रिसॉर्टवाल्या मंडळींच्या गाड्या, घोडागाड्या, भेळेचे ठेले. त्यांच्या पलीकडे, ओहोटीच्या वाळूत वीस-बावीस पोरे. चपलांचे गोल. हा मधोमध उभा, एका पायावर जरा जास्त भार देऊन. मी सुरूच्या झाडाखाली बसून बघत राहिलो. त्याने खेळ थांबवला आणि सांगितले, आता पाच मिनिटे कुणी तोंड उघडायचे नाही. चेंडू ओरडून मागायचा नाही. ज्याला हवा त्याने दिसेल अशा ठिकाणी जाऊन उभे राहायचे. पहिली दोन मिनिटे नुसता गोंधळ. मग हळूहळू पोरे मान वर करून बघू लागली. चेंडू पायात असलेला पोरगा आधी बघायचा, मग द्यायचा. ओरडा थांबल्याबरोबर त्यांना एकमेकांची जागा दिसू लागली.

एक पोरगा होता, बारा-तेरा वर्षांचा, जाडसर, धावायला मंद. आमच्या वेळी त्याला गोलीत उभे केले असते आणि विषय संपला असता. पुतण्याने त्याला बचावाच्या मध्ये ठेवले होते आणि त्याला एकच काम सांगितले होते: समोरच्याच्या पायाकडे बघू नकोस, कंबरेकडे बघ. मी तिथे बसल्या जागी दचकलो. हे मी त्याला कधी सांगितले होते, मला आठवत नाही. तो पाच-सहा वर्षांचा असताना ओट्यावर बसून सांगितले असेल. त्या जाड्या पोराने पुढच्या दहा मिनिटांत तीनदा चेंडू काढून घेतला आणि तिसऱ्यांदा काढल्यावर त्याने मागे वळून पुतण्याकडे बघितले.

सराव संपल्यावर आम्ही दोघे वाळूतून घराकडे चालत आलो. मी त्याला समजवायचे ते विसरलो नव्हतो. म्हणालो, "तुझा बाप काळजीत आहे." तो म्हणाला, "मला माहीत आहे, काका." मग म्हणाला, "नोकरीला मी नाही म्हटलेले नाही. बाबांनीच मला पुढचे बोलू दिले नाही. शिफ्ट सकाळची मिळाली तर संध्याकाळ माझी. पहिला परवाना तेवढ्यात होतो. खालिद सरसुद्धा लहान पोरांपासूनच सुरू झाले." मी विचारले, "आणि पुढचे?" तो म्हणाला, "पुढचे सात वर्षांनी बघू." सात हा आकडा त्याने कुठून काढला, हे मला विचारावे लागले नाही.

भावा, आता हे तुझ्यासाठी. पोरगा सोमवारी कारखान्यात जाऊन भेटणार आहे. एवढे तुझे झाले. पण फेब्रुवारीत जो डी परवान्याचा वर्ग आहे, तिथेही तो जाणार, आणि त्यासाठी त्याला सुट्टी मिळेल की नाही हे त्याच्या मामाने आधीच विचारून ठेवावे. वर्गाची फी मी भरली आहे. तुला विचारले नाही, कारण विचारले असते तर तू चहा न घेता निघून गेला असतास. तू रविवारचा पेपर मागच्या पानापासून वाचतोस, म्हणजे इथवर यायला तुला दुपार होईल. संध्याकाळी ओहोटी आहे. किनाऱ्यावर ये, मी सुरूखाली असेन.